वृंदातून निघालेलं नाटक

नमस्कार श्रोतेहो. ग्रीक शोकांतिका म्हटलं की आपल्याला इडिपससारखे राजे आठवतात. मला मात्र आज त्या राजांच्या मागे उभ्या असलेल्या वृंदाबद्दल, म्हणजे कोरसबद्दल बोलायचं आहे. कारण नाटक जन्मलं ते तिथे.

अथेन्समध्ये दर वसंतात डायोनिसस या मद्याच्या देवाचा मोठा उत्सव भरे. पन्नास जणांचा ताफा फेर धरून त्याची स्तोत्रं गाई. अशा गाण्यांच्या म्होरक्यांपासून शोकांतिका निघाली, असं अॅरिस्टॉटल सांगतो. इ.स.पू. ५३४च्या सुमारास थेस्पिसने वृंदाला उत्तर देणारा एक नट उभा केला, अशी परंपरा आहे. दुसरा नट आणला नाटककार एस्किलसने, तिसरा त्याच्यानंतरच्या सोफोक्लीझने. बोलक्या भूमिका साधारण तिघांतच वाटल्या जात. सगळे पुरुषच, मुखवटा बदलला की राणी, पुन्हा बदलला की निरोप्या.

नाटकाची बांधणीही यातूनच आली. आधी प्रास्ताविक, मग गात गात वृंदाचा प्रवेश, पुढे एक संवाद, एक गाणं, पुन्हा संवाद, आणि शेवटी सगळ्यांचं निर्गमन. गाणं चालू असताना नटाला मुखवटा बदलायला उसंत मिळे, हा व्यवहारही त्यात होताच!

एस्किलसचं इ.स.पू. ४५८चं 'अगमेम्नॉन' घ्या. ट्रॉय शहर जिंकून राजा अगमेम्नॉन घरी परततो. राणी क्लायटेम्नेस्ट्रा पायघड्या घालून त्याला आत नेते. वृंद आहे आर्गॉसच्या, म्हणजे राजाच्याच नगरीतल्या म्हाताऱ्यांचा. थोड्या वेळाने आतून राजाची किंकाळी येते. खून प्रेक्षकांसमोर होत नाही, तो फक्त ऐकू येतो. इथे एस्किलस कमाल करतो. इतका वेळ एका सुरात गाणारा वृंद फुटतो. एक म्हणतो, गावाला हाक द्या. दुसरा म्हणतो, आत्ताच आत घुसा. तिसरा म्हणतो, आधी खात्री करा. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन ओळी, आणि जागचा कुणीच हलत नाही. तेवढ्यात राजाचं प्रेत दिसतं. त्याच्याजवळ उभी राहून क्लायटेम्नेस्ट्रा बिनदिक्कत सांगते, हे मीच केलं. आता म्हाताऱ्यांना तिच्याशी वाद घालावाच लागतो.

त्या वर्षी उत्सवातल्या नाट्यस्पर्धेत पहिला नंबर एस्किलसचाच लागला.