इंजिनच्या कप्प्यातली एक वायर

(दृश्य: टेक्सासचा नकाशा. ह्यूस्टनहून डॅलसकडे जाणारा महामार्ग 45.)

निवेदन:
23 सप्टेंबर 2005. रिटा चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्याकडे सरकत होतं आणि ह्यूस्टन परिसरातले लोक घरं सोडून निघाले होते. बेलेअरमधल्या एका वृद्धनिवासातले रहिवासी आणि त्यांची काळजी घेणारे कर्मचारी, मिळून 44 जण, कोच बसनं डॅलसच्या वाटेवर होते. रस्ते तुंबलेले. सुमारे पंधरा तासांच्या प्रवासानंतर, पहाटे सहा वाजून गेल्यावर, विल्मर गावाजवळ दुसऱ्याच एका गाडीवाल्यानं बसच्या ड्रायव्हरला सावध केलं: मागच्या उजव्या चाकाचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, लालबुंद झालंय. बस कडेला घेऊन उतरून पाहिलं, तर चाकापाशी ज्वाळा. 23 जण दगावले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल 2007 मध्ये आला. मागच्या टॅग ॲक्सलवर, म्हणजे वजन पेलायला बसवलेल्या जादा आसावर, उजव्या चाकाच्या बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. बेअरिंग तापलं, त्यानं टायर पेटला, टायरनं बस पेटवली. ड्रायव्हरला हे कळलं ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून. चाकांच्या आणि इंजिनच्या कप्प्यात आगीची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा हवी, हा मुद्दा त्यानंतर जोरात पुढे आला.

(दृश्य: कोचचं मागचं झाकण उघडलेलं. टर्बो, डिझेलचे होज, वरून गेलेली पातळ लाल वायर.)

निवेदन:
कोचचं इंजिन मागे, ड्रायव्हर दहा-बारा मीटर पुढे. मधे प्रवासी, एसीचा आवाज, पडदे. मागचा धूर आरशात दिसेपर्यंत आग बरीच पुढे गेलेली असते. म्हणून इंजिनच्या कप्प्यात सेन्सर बसवतात. त्याचे तीन-चार प्रकार प्रचलित आहेत. ठरावीक तापमानाला चालू होणारा थर्मल स्विच. ज्वाळेचा प्रकाश ओळखणारा ऑप्टिकल सेन्सर. दाबाखाली वायू भरलेली प्लॅस्टिकची नळी; ती उष्णतेनं फुटली की आतला दाब कमी होतो आणि यंत्रणा जागी होते. आणि ही पातळ वायर, म्हणजे लिनिअर हीट डिटेक्टर.

वायरच्या आत दोन तारा एकमेकींना पीळ देऊन बसवलेल्या असतात. मधे उष्णतेनं वितळणारं आवरण. ठरलेलं तापमान गाठलं की आवरण वितळतं, तारा चिकटतात, शॉर्ट होतो. डॅशबोर्डवर लाल दिवा आणि बझर. दुसऱ्या टोकाला एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक रोध करणारा भाग, असतो. एरवी त्यातून अगदी थोडा प्रवाह सतत फिरत राहतो. वायर तुटली तर तो थांबतो आणि पिवळा, म्हणजे बिघाडाचा दिवा लागतो. म्हणजे कंट्रोल बॉक्सला तीन गोष्टी कळतात: ठीक, तुटली, पेटली.

गडबड होते ती या तीन अवस्था एकमेकींत मिसळल्या की.

क्लॅम्पचा रबर झिजला आणि वायर ब्रॅकेटच्या पत्र्यावर घासत राहिली, तर आवरण आग न लागताच फाटतं. तारा टेकतात, बझर बोंबलतो. ड्रायव्हर भर रस्त्यात बस रिकामी करतो, मागे काहीच नसतं. कनेक्टरमध्ये प्रेशर वॉशचं पाणी शिरलं की पिना गंजतात. रोध वाढतो आणि पिवळा दिवा कधी लागतो, कधी नाही. ऑप्टिकल सेन्सरच्या काचेवर तेलाची वाफ आणि काजळी बसली की समोरची ज्वाळा त्याला दिसत नाही. सेन्सर चांगला असूनही जागा चुकली तर तेच. रेडिएटरच्या पंख्याचा झोत गरम हवा दुसरीकडेच ढकलतो आणि वायर थंड राहते. ही चूक कारखान्यात आराखड्यातच झाली असेल, तर त्या मॉडेलच्या प्रत्येक बसमध्ये असते. रिकॉल, म्हणजे उत्पादकानं सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं, नेमका अशा दोषांसाठी.

(दृश्य: क्लोजअप. कंट्रोल बॉक्सच्या कनेक्टरमध्ये दोन पिनांत पिळून खोचलेला रेझिस्टर.)

निवेदन:
हे नीट पाहा. तीनदा खोटा बझर वाजला, गाडी दुरुस्तीत अडकली, धंदा बुडाला. मग कोणीतरी टोकाचा रेझिस्टर काढून इथे, बॉक्सपाशीच लावला. कंट्रोल बॉक्सला हवा तेवढा रोध मिळतो. पिवळा दिवा नाही, लाल नाही, सगळं आबादीआबाद. आणि मागे इंजिनवरची आख्खी वायर सर्किटच्या बाहेर. खोटे इशारे देणारा सेन्सर आम्ही न वाजणाऱ्या सेन्सरइतकाच धोकादायक मानतो. तो अखेर असा गप्प केला जातो.

तपासणीला फार वेळ लागत नाही. पण आधी आग विझवणाऱ्या सिलिंडरचा ॲक्च्युएटर, म्हणजे इशारा मिळताच सिलिंडर उघडणारा भाग, मॅन्युअलप्रमाणे सोडवून ठेवायचा किंवा सेफ्टी पिन लावायची, नाहीतर चाचणीतच सगळं द्रव्य इंजिनवर सुटेल. मग कंट्रोल बॉक्सकडचा वायरचा कनेक्टर काढून मल्टिमीटरनं दोन पिनांतला रोध मोजायचा. मॅन्युअलमधल्या रेझिस्टरच्या आकड्याजवळ आला तर ठीक. अनंत दाखवला तर वायर तुटली. शून्याच्या आसपास असेल तर कुठेतरी शॉर्ट. इथे थांबू नका. कनेक्टर परत जोडा आणि वायरच्या अगदी शेवटच्या टोकाला, रेझिस्टरपाशी, दोन तारा टेकवा. लाल दिवा आणि बझर ड्रायव्हरच्या सीटवर पोचलाच पाहिजे. वरची चलाखी याच पायरीला उघडी पडते. आणि एकदा वितळलेली वायर तेवढाच तुकडा कापून जोडायची नसते.

(दृश्य: लाल अक्षरांचा रिकॉलचा लिफाफा.)

निवेदन:
अमेरिकेत उत्पादकानं सुरक्षेचा दोष मान्य केला की पाच कामकाजाच्या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला कळवायचं आणि साठ दिवसांत मालकांना पत्र पाठवायचं. सुटा भाग तयार नसेल तरी धोक्याची सूचना थांबवता येत नाही. उपाय तयार झाल्यावर दुसरं पत्र जातं. पहिल्या विक्रीला 15 वर्षं होईपर्यंत दुरुस्ती फुकट. विक्रेत्याला रिकॉल बाकी असलेली नवी गाडी दुरुस्त केल्याशिवाय देता येत नाही.

कोचच्या बाबतीत अडचण पत्त्याची. ही बस पंधरा-वीस वर्षं धावते आणि मोठ्या कंपनीकडून छोट्याकडे, छोट्याकडून आणखी छोट्याकडे विकली जाते. पत्र जुन्या मालकाच्या दारात पडतं. सरकारी संकेतस्थळावर 17 अक्षरांचा वाहन क्रमांक टाकून शोधता येतं खरं, पण त्या शोधात माहिती देण्याचं बंधन मुख्यतः हलक्या गाड्यांच्या आणि मोटारसायकलींच्या मोठ्या उत्पादकांवर आहे. तिथे काही सापडलं नाही म्हणून कोच निर्दोष ठरत नाही. क्रमांक घेऊन थेट बसच्या उत्पादकाला विचारणं हाच खात्रीचा मार्ग.

(दृश्य: महाराष्ट्रातला बस डेपो. रात्रीच्या स्लीपर गाड्या.)

निवेदन:
आपल्याकडे लांब पल्ल्याच्या बसच्या इंजिन कप्प्यासाठी आग ओळखून विझवणाऱ्या यंत्रणेचं मानक आहे, एआयएस-135. जानेवारी 2022 च्या अधिसूचनेनं अग्निसुरक्षेची व्याप्ती अशा बसच्या आणि स्कूल बसच्या प्रवासी कप्प्यापर्यंत वाढवली. सक्तीच्या रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या वाहनांसाठी. उत्पादकाला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र आपल्या बसची चेसिस एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असू शकते. सेन्सर कोणी बसवला, हे दोघांनाही विचारावं लागतं. चेसिस नंबर आणि बॉडी बिल्डरची पट्टी, दोन्हींचे फोटो काढून ठेवा.

सेन्सरकडून भलती अपेक्षाही नको. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस धडकून उलटली आणि पेटली, 25 जणांचा जीव गेला. दाराची बाजूच खाली आली होती. तिथे प्रश्न बाहेर पडण्याच्या वाटेचा होता, इंजिनमधल्या वायरचा नव्हता. सेन्सर उपयोगी पडतो तो गळलेलं डिझेल तापलेल्या टर्बोवर पडून आग धुमसू लागते तेव्हा. त्यानं मिनिटं मिळतात. लाल दिवा लागला की बस कडेला, इंजिन बंद, हँडब्रेक, दार उघडं, प्रवासी वारा जिकडून येतोय त्या बाजूला, बसपासून शंभरेक फूट दूर. मागचं झाकण उघडून बघायचा मोह आवरा. आत हवा शिरली की भडका उडतो.

(दृश्य: वर्कशॉपचा जॉबकार्ड.)

निवेदन:
रिकॉलची दुरुस्ती करून बस परत घेताना जॉबकार्डवर रिकॉलचा क्रमांक, काढलेल्या आणि बसवलेल्या भागांचे पार्ट नंबर आणि तारीख लिहून घ्या. ‘सेन्सर चेक केला, ओके’ एवढ्यावर सही करू नका. वायरच्या शेवटच्या टोकाला तारा टेकवून बझर आपल्यासमोर वाजवून दाखवायला सांगा, तेव्हा आपला ड्रायव्हर सीटवर बसलेला असू द्या. आणि सगळं झाल्यावर सिलिंडरची सेफ्टी पिन काढली का, ॲक्च्युएटर परत जोडला का, हे स्वतः वाकून पाहा.