धरण भरलं, पण कशानं?

(अंबाजोगाई इथे झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही बाटली आधी टेबलावर ठेवतो. तिला कुणी हलवू नका. सकाळी इथून जवळच्याच एका पाझर तलावातून भरून आणलीय. आत्ता पाणी वरपासून खालपर्यंत सारखंच हिरवं दिसतंय. तिच्याकडे शेवटी येऊ.

आपल्याकडे पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारतात : किती? जायकवाडी किती टक्के, मांजरा किती टक्के, विष्णुपुरीत किती उरलं. आणि त्यात गैर काही नाही. २०१६ साली ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथल्या माणसाला 'पाणी कसं आहे हो?' असं विचारायला माझी जीभ रेटत नाही. पण आज विचारतो. कारण ऊन वाढायला लागलं की 'किती' आणि 'कसं' हे एकाच प्रश्नाचे दोन भाग होतात.

पाणी हिरवं कशानं होतं, ते खतापासून बघू. आपल्या ओळखीचं डीएपी खताचं पोतं घ्या. ५० किलोचं. त्यावर १८:४६ लिहिलेलं असतं. म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस). पोत्यात २३ किलो स्फुरद. पण तो आकडा ऑक्साइडचा. शुद्ध फॉस्फरस धरला तर साधारण १० किलो. आता तळ्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम फॉस्फरस झाला की शेवाळाला माजायला तेवढं पुरतं, असं ढोबळमानानं धरतात. करा हिशेब. एका पोत्यातला फॉस्फरस ३३ कोटी लिटर पाण्याला पुरतो. तीस बाय तीस बाय तीन मीटरची, उतरत्या बाजूंची शेततळी असतात ना, तशी दीडशे.

अर्थात अख्खं पोतं काही तळ्यात जात नाही. काही पीक घेतं, आणि बरंचसं आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात अडकून बसतं. युरियाचं तसं नाही. त्यातलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर सरळ विहिरीत उतरतं. स्फुरद मात्र मातीला चिकटून राहतं. माती हलली तर ते हलणार.

आणि माती हलवायचं काम आता पाऊस करतोय. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. म्हणून महिनाभर येत नाही, आणि आला की दोन रात्रींत कोसळतो. २०२१च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस आपल्यावर पडला, तेव्हा मांजराचे सगळे दरवाजे उघडावे लागले. २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडची रानं खरवडून निघाली. नदीला तेव्हा चहाचा रंग येतो. आपण पुलावर उभं राहून त्याचे फोटो काढतो. तो रंग म्हणजे आपलंच रान, आणि त्याला चिकटलेलं दोन-चार हंगामांचं खत. २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता : नुसता पाऊस बदलल्यामुळे त्यांच्या नद्यांत उतरणारं नत्र शतकाअखेर सुमारे १९ टक्क्यांनी वाढू शकतं. धोक्यात असलेल्या प्रदेशांत त्यांनी भारताचंही नाव घेतलं होतं.

हे झालं पावसाळ्याचं. खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढे आहे.

जायकवाडी भरलं की पाणी साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं, पण सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर. परातीत पाणी ठेवल्यासारखं. एप्रिल-मेमध्ये वारा पडला की वरचा थर तापतो, हलका होतो आणि खालच्या गार पाण्यावर झाकणासारखा बसतो. मुळात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तळाशी कुजणाऱ्या गाळानं तेवढाही संपवला की गाळातलं लोह आपली पकड सोडतं. इतकी वर्षं त्यानं धरून ठेवलेला फॉस्फरस पाण्यात मोकळा होतो. मग वावटळ येते आणि तळ ढवळून सगळं वर आणते. म्हणजे यंदा एक दाणा खत टाकलं नाही, तरी तळं जुन्या साठ्यावर हिरवं होऊ शकतं.

त्यात आपली गाळपेर. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर आपण पीक घेतो. गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या पिकाला टाकलेलं खत कुठं जातं? धरणातच टाकलंय ते. शिवाय उन्हात भेगाळलेला गाळ पुन्हा भिजला की पहिल्या पाण्यातच नत्र-स्फुरद सोडतो. जितका दुष्काळ मोठा, तितका गाळ जास्त उघडा पडतो.

२५ अंशांच्या वर नील-हरित शैवालाला बाकीच्यांपेक्षा जास्त मानवतं. त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे वर येऊन ऊन खायचं की खाली जायचं हे ते ठरवतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री घेतं. मासेमारी करणाऱ्या एका मित्रानं मला पहाटे पाचला तळ्यावर नेलं होतं. मासे काठाशी येऊन तोंडं वर काढून धापा टाकत होते. तो म्हणाला, "सर, मासा पान्यात बुडून मरायलाय बघा." एवढं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

(मागून प्रश्न : पाणी उकळून प्यायलं तर?)

बरं झालं विचारलंत. या शैवालातल्या काही जाती यकृतावर परिणाम करणारं विष तयार करतात. उकळल्यानं ते जात नाही. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात येतं. आपल्याकडे विहीर हिरवी झाली की मोरचूद टाकतात, त्यानंही तेच होतं. शैवाल मरतं, पाणी स्वच्छ दिसतं आणि विष आत राहतं. २०१४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलेडो शहरातल्या चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. ईरी सरोवराचं पाणी होतं ते. खत शेतातलंच.

उपाय विचाराल तर एक आपल्या हाताशी आहे आणि त्याचं महत्त्व आपल्यालाच कळलेलं नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत आपण गाळ काढतो तो साठा वाढावा म्हणून. पण ट्रॉलीमागे फॉस्फरसही बाहेर येतो आणि ज्याचा होता त्याच्या रानात परत जातो. तो गाळ पसरला तर माती तपासून डीएपीची मात्रा तेवढी कमी करा. इथे बहुतेक जण गाळही टाकतात आणि पोतंही तेवढंच टाकतात. गावाच्या सांडपाण्याचं, त्यातल्या साबण-पावडरीचं तर मी अजून बोललोच नाही. शहराखालच्या नदीत जलपर्णी माजते ती त्याच्यावर.

आता बाटली बघा. पाऊण तास झाला. खालचं पाणी निवळलंय आणि वर बोटभर हिरवी साय आलीय, रंग सांडल्यासारखी. साधं शेवाळ खाली बसलं असतं. हे वर आलं. त्या तलावावर रोज जनावरं पाण्यावर येतात. परवा तिथला गुराखी सांगत होता, काठाच्या पाण्याला म्हशी तोंड लावंनात, आत शिरून पितात.

बाटली एकेकानं हातात घेऊन बघा. झाकण तेवढं उघडू नका.