मासात्लानमधील रविवारची दुपार

रविवार आहे, दुपारचे दोन वाजून गेले आहेत आणि मासात्लान शहरात जेवायला बसण्याची खरी वेळ आता होते आहे. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातील हे बंदर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, जवळजवळ आपल्या उज्जैनच्याच अक्षांशावर आहे. पॅसिफिक महासागराचा हा किनारा कोकणासारखाच पश्चिमाभिमुख असल्यामुळे येथेही सूर्य समुद्रातच बुडतो. पाण्याच्या कडेने सुमारे २१ किलोमीटर लांबीचा ‘मालेकोन’, म्हणजे समुद्रकाठचा फिरण्याचा रस्ता, गेलेला आहे. त्यावरून ज्या उघड्या, बिनदाराच्या टॅक्सी धावताना दिसतात त्यांचे नाव ‘पुल्मोनिया’, अर्थात न्यूमोनिया असे आहे. असल्या गाडीतून फिराल तर वारा लागून आजारी पडाल, असे इतर टॅक्सीवाल्यांनी हिणवले आणि तेच नाव कायमचे चिकटले.

आमचा कॅमेरा थांबणार आहे तो वाळूवरील एका पालापाखाली. झावळ्यांनी शाकारलेल्या, चारही बाजूंनी मोकळ्या छपराला येथे पालापा म्हणतात. त्याच्या सावलीत चार टेबले एकमेकांना जोडून एका कुटुंबाची सोय केलेली आहे. टेबलाच्या एका टोकाला आजी आहे, दुसऱ्या टोकाला बाबागाडीत झोपलेले मूल आहे आणि मधल्या जागेत मुले, सुना, जावई आणि त्यांची मुले दाटीवाटीने बसली आहेत. मागवण्याआधीच टेबलावर तोस्तादा, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळ्या, खारी बिस्किटे, तिखट सॉसच्या बाटल्या आणि वाडगाभर चिरलेली लिंबे येऊन पडली आहेत. येथे मासळी हे प्रामुख्याने दिवसाचे अन्न मानले जाते. सकाळी आलेला माल दुपारी संपवावा, अशी रीत असल्याने मासळीची अनेक उपाहारगृहे सूर्यास्ताच्या सुमारास आवरती घेतात आणि रात्र ताकोच्या, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या पोळ्यांच्या, गाड्यांच्या स्वाधीन होते. रात्रीच्या जेवणासाठी थाटामाटाने तयार होऊन येणारा पर्यटक म्हणूनच मासात्लानचे सर्वोत्तम जेवण चुकवतो, असे म्हणायला हरकत नाही.

पहिला मान अग्वाचिलेचा. या शब्दाचा सरळ अर्थ ‘मिरचीचे पाणी’ असा आहे आणि कृतीही तितकीच सरळ आहे. सोललेली कच्ची कोळंबी पाठीवरून चिरून पसरायची, तिच्यावर लिंबाचा रस आणि मीठ घालायचे, पाण्याबरोबर वाटलेली हिरवी मिरची ओतायची, वर काकडी आणि लाल कांद्याचे पातळ काप पसरायचे आणि लगेच वाढायचे. वाटपासाठी पूर्वापार चालत आलेले साधन म्हणजे मोल्काहेते, तीन पायांचा काळ्या दगडाचा खल. आपल्याकडील पाट्यावरच्या वाटणाची चव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. सेविचेमध्ये मासा लिंबात मुरू देतात. अग्वाचिलेला तेवढाही धीर नसतो. रस लागताच कोळंबीचा करडा, पारदर्शक रंग पांढरट होऊ लागतो, कारण आम्लामुळे तिच्यातील प्रथिनांची घडण बदलते. तरीही हे शिजणे नव्हे. विस्तवावर जंतू मरतात तसे ते लिंबात मरत नाहीत, आणि म्हणूनच कोळंबी ताजी असणे ही येथे आवड नसून अट आहे.

या एका थाळीत किती जगे एकत्र आली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. मिरची मूळची इथली. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली आणि पुढे आपल्या स्वयंपाकघरात अशी रुळली की ती परकी होती हेच आपण विसरलो. टेबलावरचे लिंबू मात्र उलट दिशेने गेलेले आहे. मेक्सिकोत ज्याला नुसते ‘लिमोन’ म्हणतात ते आपले कागदी लिंबूच असून आशियातून निघालेले ते फळ स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेले. आंबा आणि चिंच यांचा प्रवासही पूर्वेकडूनच झाला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबते ये-जा करत होती. त्यांवरील फिलिपिनो खलाशांनी माड चढण्याची आणि त्याचा रस काढण्याची विद्या या किनाऱ्यावर आणली. दक्षिणेकडील कोलिमा राज्यात आजही तो रस ‘तूबा’ या नावाने विकला जातो. नीरा आणि माडी ओळखणाऱ्या कोकणी माणसाला त्याची चव परकी वाटण्याचे कारण नाही.

दरम्यान टेबलावर सिएर्रा माशाचे सेविचे आले आहे. सिएर्रा ही आपल्या सुरमईची सख्खी चुलत बहीण. शास्त्रज्ञ दोघींना एकाच प्रजातिगटात ठेवतात. सुरमईचा खिमा करून, गाजर घालून, लिंबात मुरवून तो कुरकुरीत तोस्तादावर खायचा, ही कल्पना मालवणात कुणाला रुचेल की नाही, याबद्दल निवेदकाच्या मनात शंका आहे. त्यामागोमाग कोळंबी आणि चीज भरलेले ‘गोबेर्नादोर’, म्हणजे राज्यपाल, नावाचे ताको येतात. सिनालोआचे तत्कालीन राज्यपाल फ्रान्सिस्को लाबास्तिदा यांच्यासाठी ते मासात्लानमध्येच प्रथम केले गेले, अशी हकिकत सांगतात. अखेरीस येतो तो पाठीतून उघडून, मसाला माखून, जाळीत दाबून निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा. ‘सारांदेआदो’ नावाचा हा प्रकार शेजारच्या नायारित राज्याचा. परंतु मासात्लानने तो केव्हाच आपला मानला आहे.

कोळंबीवर हे शहर जगते. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील कोळंबी पकडणाऱ्या ट्रॉलरांच्या मोठ्या ताफ्यांपैकी एक येथे नांगरलेला असतो. वसंतापासून पावसाळा संपत येईपर्यंत कोळंबीच्या मासेमारीवर बंदी असते आणि त्या काळात शेततळ्यांतील व गोठवलेल्या मालावर भागवावे लागते. जुन्या शहरातील एका रस्त्यावर कोळंबी विकणाऱ्या बायका टोपल्या आणि बादल्या मांडून ओळीने बसतात. त्यांना ‘चांगेरा’ म्हणतात आणि भाव करण्याची त्यांची पद्धत भाऊच्या धक्क्यावर ऐकू येईल इतकी खणखणीत आहे.

आतापर्यंत संवाद ऐकू येत होते. यापुढे ते येणार नाहीत, कारण बांदा, म्हणजे इथला बँड, आली आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, अंगाभोवती वेटोळे घातलेला प्रचंड ट्यूबा आणि वर झांज बसवलेला ताम्बोरा ढोल, असा डझनभर वादकांचा ताफा थेट टेबलाला भिडून उभा राहतो. सिनालोआच्या या वाद्यवृंदावर लष्करी बँडचा आणि एकोणिसाव्या शतकात येथे स्थायिक झालेल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या पोल्का व वॉल्ट्झ नृत्यसंगीताचा ठसा असल्याचे मानले जाते. टेबलावरील पासीफिको बिअरही १९०० मध्ये जर्मन मंडळींनीच याच शहरात काढलेली आहे. १९३८ मध्ये जवळच्याच एल रेकोदो गावात क्रूस लिसारागा यांनी स्थापन केलेल्या बांदेने हा आवाज देशभर नेला. वाळूवर मात्र हिशेब साधा असतो. गाण्यागणिक किंवा तासावर दर ठरतो आणि हे पैसे जेवणाच्या बिलात नसतात. एक टेबल पैसे देते आणि सगळा किनारा ऐकतो.

सगळ्यांनाच ते ऐकायचे असते, असे नाही. मार्च २०२४ मध्ये, ईस्टरच्या सुट्टीच्या आठवड्यात, किनाऱ्यावरील बांदांच्या गोंगाटाबद्दल काही हॉटेलचालकांनी तक्रार केली आणि निर्बंधांची भाषा सुरू झाली. त्यावर शेकडो वादक वाद्यांसह रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापट झाली आणि समुद्रकाठचा मुख्य रस्ता दणाणून गेला. झोपमोड झालेल्या पाहुण्याची बाजू खोटी नाही. तरीही ज्या कुटुंबाने वर्षभर साठवलेल्या पैशातून आजीसाठी तीन गाणी मागितली, त्याच्या दुपारीला गोंगाट म्हणणे जड जाते. निदान या टेबलाजवळ उभे असताना तरी जड जाते.

पाच वाजून गेले आहेत. माशाचा काटा उरला आहे, मूल उठून पुन्हा झोपले आहे आणि वेटर तीनदा जवळून गेला तरी त्याने बिल ठेवलेले नाही. मागितल्याशिवाय बिल आणणे म्हणजे पाहुण्याला उठवणे, असे येथे समजतात. जेवणानंतर टेबलाशी रेंगाळत बसण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ हा स्वतंत्र शब्दच आहे. शेवटी थोरला मुलगा हवेत लिहिल्यासारखी खूण करतो. बिल येते, त्यावर दहा-पंधरा टक्के बक्षिसी ठेवली जाते आणि तेवढ्यात आजी आणखी एक गाणे मागते.

ते गाणे ‘हरवलेला मुलगा’ या अर्थाच्या नावाचे आहे. त्याची रीत अशी की एक ट्रम्पेटवाला ताफा सोडून दूर निघून जातो, बाकीचे इथून हाक मारतात, तो तिथून उत्तर देतो आणि वाजवत वाजवत परत येतो. आमच्या कॅमेऱ्यातून तो पाण्याच्या कडेला, भिजलेल्या वाळूवर, उतरत्या सूर्यासमोर काळ्या आकृतीसारखा दिसतो. बांदा थांबते. पहिले उत्तर लाटेच्या आवाजात बुडून जाते. आजी खुर्चीतून वळून, डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे पाहते आणि बिलावरचे पैसे उडू नयेत म्हणून कुणीतरी त्यांवर पिळलेल्या लिंबांचा वाडगा ठेवते.