'इफ' आणि आपला 'तर'

नमस्कार श्रोतेहो.

'पाऊस आला तर मी येणार नाही.' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. आज मला त्यातल्या एकाच शब्दापाशी थांबायचं आहे. तो शब्द म्हणजे 'आला'. पाऊस अजून आलेला नाही, येईल की नाही तेही ठाऊक नाही, बोलणं चाललंय उद्याचं. तरी क्रियापद आपण वापरलं भूतकाळाचं. 'येईल तर' असं सहसा कुणी म्हणत नाही, 'आला तर' असंच म्हणतं. आणि यात कुणालाच काही खटकत नाही.

मी गेली बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्यांच्या वह्यांमध्ये माझी लाल रेघ सगळ्यांत जास्त वेळा पडते ती 'इफ'च्या वाक्याखाली. 'इफ ही विल कम टुमॉरो, देन आय विल गिव्ह हिम द फाइल.' मग मी सांगते, 'इफ'च्या वाक्यात 'विल' नको. 'इफ ही कम्स टुमॉरो, आय विल गिव्ह हिम द फाइल.' नियम लिहून घेतला जातो, पाठही होतो, आणि दुसऱ्या दिवशी बोलताना 'विल' पुन्हा येऊन बसतं. परका नियम असाच निसटतो. पण हा नियम मराठी माणसाला परका नाही, हे मला आज मनापासून सांगायचं आहे. अट घालताना भविष्यकाळाचं रूप बाजूला ठेवायचं, ही सवय आपल्या जिभेला लहानपणापासून आहे. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते, आपण भूतकाळ घेतो, एवढाच काय तो फरक. 'इफ' तोंडात आला की मनात 'आला तर' म्हणून बघा. 'येईल' डोकावणारच नाही.

त्याच वाक्यातलं 'देन'ही आपलंच. मराठीत आपण 'जर' बिनदिक्कत गाळतो, पण 'तर' गाळता येत नाही. 'जर पाऊस आला मी येणार नाही' हे कानाला लंगडं वाटतं. इंग्रजीत बरोबर उलटं आहे. तिथे 'इफ' हवाच आणि 'देन' बहुतेक वेळा नसतोच, त्याच्या जागी बोलताना एक छोटा थांबा येतो आणि लिहिताना स्वल्पविराम. 'इफ' वाक्याच्या मध्यावर गेला, तर तो स्वल्पविरामही लागत नाही. 'आय विल स्टे ॲट होम इफ इट रेन्स.'

आता इथे एखादा जाणकार श्रोता मला अडवेल. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' हे वाक्य तर चांगली इंग्रजी बोलणारी माणसंही बोलतात, मग तिथे 'विल' कसं चालतं? शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर इंग्रजी व्याकरणात शोधण्याआधी वाक्य मराठीत म्हणून बघा. 'तो येईल की नाही, मला माहीत नाही.' इथे 'तर' नाही, 'की नाही' आहे. ही अट नाही, मनातला प्रश्न आहे. म्हणून माझी कसोटी साधी आहे: मराठीत 'तर' आलं की 'विल' नको, 'की नाही' आलं की 'विल' चालेल. 'व्हेन'लाही हीच कसोटी लावा. 'तो आला की सांगते' म्हणजे 'आय विल टेल यू व्हेन ही कम्स'. 'तो कधी येईल कोण जाणे' म्हणजे 'हू नोज व्हेन ही विल कम'. पहिल्यात 'आला', दुसऱ्यात 'येईल'. मराठी कानाने आधीच निवाडा केलेला असतो.

मात्र एका ठिकाणी हीच मराठी आपला पाय घसरवते, ते ठिकाण म्हणजे 'अन्टिल'. आपण म्हणतो, 'तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही.' दोन्हीकडे 'नाही'. हेच जसंच्या तसं इंग्रजीत उतरतं, 'अन्टिल ही डझ नॉट कम, आय विल नॉट ईट.' इंग्रजीत 'अन्टिल'नंतरचा नकार नको असतो, 'अन्टिल ही कम्स' एवढंच पुरतं. उपाय पुन्हा मराठीतच आहे. 'येत नाही तोपर्यंत' सोडा, 'येईपर्यंत' धरा. 'तो येईपर्यंत मी जेवणार नाही.' त्यात एकच 'नाही' उरतो आणि इंग्रजीही आपोआप सरळ होते. 'अनलेस'चंही असंच आहे. 'तू आला नाहीस तर' असा विचार केला की नकार दोनदा पडतो, 'तू आल्याशिवाय' असा केला की पडत नाही.

आता मला जो भाग सगळ्यांत आवडतो, त्याकडे येते. आपली म्हण आहे, 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.' मिशा नाहीत, काल नव्हत्या, उद्याही येणार नाहीत. 'असत्या' हे रूप काळ सांगतच नाही, ते फक्त सांगतं की ही गोष्ट खरी नाही. शाळेच्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ आपण घोकलेले असतात. त्यातला संकेतार्थ तो हाच. इंग्रजीकडे यासाठी वेगळं रूप जवळजवळ उरलेलं नाही, म्हणून ती भूतकाळाचं रूप उसनं घेते. 'इफ आय हॅड विंग्ज', मला पंख असते तर. यातला 'हॅड' कालचा नाही. फक्त एका जागी जुनं रूप टिकून आहे, 'इफ आय वेअर यू'. 'आय'ला 'वॉज' लागतं असं शिकलेला विद्यार्थी इथे गोंधळतो आणि पुस्तकात छपाईची चूक आहे असं समजतो. चूक नाही ती. मी तुझ्या जागी असते तर, आणि मी तुझ्या जागी नाही, हे त्या 'वेअर'ने सांगितलं. बोलताना पुष्कळ इंग्रज 'इफ आय वॉज' म्हणतात, पण लेखी परीक्षेत 'वेअर' लिहिलेलं बरं.

इथून पुढे मात्र मराठी पुरत नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. 'माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतलं असतं.' हे वाक्य आजचं की दहा वर्षांपूर्वीचं? मराठीत ते दोन्हींना चालतं, ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीला आधी विचारावं लागतं: दार अजून उघडं आहे का? आज पैसे नाहीत, पण असते तर आजही घर घेतलं असतं, असं म्हणायचं असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ हाऊस'. ती वेळ निघून गेली, घर दुसऱ्याने घेतलं, असं असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट इट'. दोनदा 'हॅड' आलेलं पाहून घाबरू नका. पहिला काळ मागे ढकलणारा, दुसरा 'असणे' या अर्थाचा.

याच वाक्यात कानही फसतो, आणि रेडिओवर हे सांगायला मिळतंय याचा मला आनंद आहे. इंग्रज माणूस भरभर बोलताना म्हणतो, 'इफ आयड नोन, आयड हॅव कम.' दोन्हीकडे 'आयड'. पुन्हा म्हणते, नीट ऐका. 'इफ आयड नोन, आयड हॅव कम.' पहिल्या 'आयड'मध्ये 'हॅड' दडलेला आहे, दुसऱ्यात 'वुड'. आवाज एकच. त्यात आपली मराठी दोन्हीकडे 'असतं'च म्हणते: 'कळलं असतं तर आलो असतो.' साहजिकच विद्यार्थी दोन्हीकडे 'वुड हॅव' घालतो, 'इफ आय वुड हॅव नोन'. बोलण्यात हे कधीमधी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांकडूनही ऐकू येतं, लेखनात मात्र चूकच धरतात. अटीच्या बाजूला 'हॅड', परिणामाच्या बाजूला 'वुड हॅव'. इथे कानावर विसंबू नका, हे रूप मोठ्याने म्हणून जिभेवर बसवायलाच हवं.

माझ्या वर्गातल्या एका बाईंनी त्यांच्या साहेबांना पाठवायचा मेल मला दाखवला होता. फाइल हवी होती आणि विनंती नम्र व्हावी म्हणून त्यांनी लांबलचक क्रियापद निवडलं होतं. 'इट वुड हॅव बीन गुड इफ यू हॅड सेंट द फाइल.' व्याकरण निर्दोष होतं, लाल रेघ मारायला कुठे जागा नव्हती. मी म्हटलं, 'ताई, हे एकदा मराठीत वाचा.' त्यांनी वाचलं, 'तुम्ही फाइल पाठवली असतीत तर बरं झालं असतं.' आणि त्या थांबल्या. ही विनंती कुठे राहिली, ही तर तक्रार झाली. 'मग तुम्हाला काय म्हणायचंय?' असं विचारल्यावर त्या पटकन म्हणाल्या, 'फाइल पाठवलीत तर बरं होईल.' 'पाठवलीत', पुन्हा तेच भूतकाळाचं रूप, न पाठवलेल्या फाइलसाठी. त्यांनी पेन उचललं, जुनं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: 'इट वुड बी ग्रेट इफ यू कुड सेंड द फाइल.'