पडद्यावरचे ते ‘ए’

श्रोतेहो, नमस्कार. १९७५च्या सुमारास हौशी लोकांच्या घरी आलेल्या अल्टेअर या संगणकाच्या दर्शनी भागावर खटक्यांची एक रांग होती आणि ते खटके वर-खाली करून त्याला एकेक सूचना भरवावी लागे. ही दगदग ज्या प्रणालीमुळे खऱ्या अर्थाने संपली, त्या सीपी/एमविषयी आज बोलणार आहे.

कॅलिफोर्नियात माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवणाऱ्या गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली इंटेलच्या ८०८० प्रोसेसरसाठी ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा कारभार चालवणारी मूळ प्रणाली, तयार केली. फ्लॉपीवरच्या, म्हणजे माहिती साठवण्याच्या काढता-घालता येणाऱ्या चकतीवरच्या, फाइलींची नावे सांभाळणे आणि नव्या मजकुरासाठी रिकामी जागा शोधून देणे, ही तिची मुख्य कामे. पडद्यावर ‘ए’ हे अक्षर आणि त्यापुढे एक कोनचिन्ह उमटले, की संगणक आज्ञेची वाट पाहत आहे असे समजायचे. फ्लॉपी बदलल्यावर मात्र कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबाव्या लागत. ते विसरून लिहायला जावे, तर प्रणाली नव्या फ्लॉपीवर काहीही लिहू देत नसे, कारण जुन्या फ्लॉपीवरच्या रिकाम्या जागांचा नकाशा वापरून नवीवरचा मजकूर पुसला जाण्याचा धोका होता. मला ही सावधगिरी फार मोलाची वाटते.

परंतु किल्डॉल यांचे सर्वांत मोठे काम याहून वेगळे आहे. प्रत्येक कंपनीचे ड्राइव्ह (फ्लॉपी वाचणारे यंत्र) आणि टर्मिनल (पडदा व कळफलक) निराळे असल्याने प्रणाली दर वेळी नव्याने जुळवावी लागे. म्हणून त्यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग बाजूला काढला आणि त्याला ‘बायॉस’ हे नाव दिले. तेवढाच भाग बदलला, की बाकीची सारी प्रणाली नव्या यंत्रावर चाले आणि मजकूर लिहिण्याच्या वर्डस्टारसारखे सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या संगणकांवर वापरता येई.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या टिम पॅटरसन यांनी लिहिलेली, सीपी/एमच्याच वळणाची प्रणाली विकत घेऊन पुरवली. तिची किंमत ४० डॉलर, तर पीसीसाठीच्या सीपी/एमची २४० डॉलर ठेवली गेली. ग्राहकांनी स्वस्त प्रणाली निवडली, यात नवल नाही. किल्डॉल यांची आठवण केवळ या हुकलेल्या संधीपुरती काढली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. विंडोजमध्ये आजही हार्ड डिस्क ‘सी’ या अक्षराने ओळखली जाते. ‘ए’ आणि ‘बी’ ही पहिली दोन अक्षरे फ्लॉपींसाठी राखलेली होती, आणि ड्राइव्हला अक्षरे देण्याची ही पद्धत पीसीकडे सीपी/एममधूनच आली.