तुळशीपुढचे आठ फोटो

[दृश्य : फोंडा तालुक्यातल्या एका गावातलं अंगण. मधोमध चुना काढलेलं तुळशीवृंदावन. सकाळचे सात.]

‘गोव्याचं सौंदर्य’ असा विषय अकरावीच्या कलेच्या वर्गाला दिला, की सोमवारी तीस मोबाइलमधून तीस सूर्यास्त येतात. मिरामारचा, कळंगुटचा, वागातोरचा. यात मुलांची चूक नसते. विषय एवढा मोकळा सोडला, तर कुणीही आधी पाहिलेला फोटोच पुन्हा काढतो. असाइनमेंटचा विषय साधा असावा आणि अट कडक.

उदाहरणार्थ ही. दारातली तुळस, एकच जागा, एकच दिवस, आठ फोटो. पहिला सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासाच्या आत, आठवा तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर. जागा बदलायची नाही, झूम करायचं नाही. दिवसभरात बदलेल तो फक्त उजेड. दारात तुळस नसेल त्यांनी क्रूस घ्यावा, विहिरीचा कठडा घ्यावा, बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, पायऱ्या घ्याव्यात.

[दृश्य : स्टुलावर तांदळाची पिशवी. तिच्या खळग्यात मोबाइल आडवा बसवला जातो.]

ट्रायपॉड नसला तरी अडत नाही. स्टूल आणि त्यावर दोन किलो तांदळाची कापडी पिशवी पुरते. स्टुलाच्या चारही पायांभोवती खडूने खुणा करायच्या, कारण दुपारी कुणीतरी ते बसायला नेणारच.

आता कॅमेऱ्याचं. प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने ठरवायची सोय, उघडून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं कुठला उजेड पांढरा धरायचा ते) ५५०० केल्विनवर पक्का करायचा. इथेच बहुतेकांचा दिवस वाया जातो. हे सेटिंग ऑटोवर राहिलं, तर कॅमेरा सकाळचा पिवळेपणा काढून टाकतो, सावलीतला निळेपणा पुसतो आणि आठही फोटो एकाच वेळी काढल्यासारखे दिसतात. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक कमी करणारं सेटिंग, तेही बंद. ते सावल्या उजळवतं, आणि आपल्याला तर सावल्याच हव्या आहेत.

दुसरी अडचण चुन्याची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकटभर पांढरं वृंदावन आलं की तो उजेड कमी करतो आणि चुना राखेसारखा मळकट दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवावं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळासारखा काळा दगड समोर असेल, तर नेमकं उलट, तेवढंच कमी करावं. वाढवताना हिस्टोग्रामवर, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणाऱ्या उजेडाच्या आलेखावर, नजर हवी. आलेख उजव्या कडेला जाऊन आदळला, तर चुन्यावरचे कुंचल्याचे फटकारे गेले. ते नंतर एडिटिंगमध्येही परत येत नाहीत.

[दृश्य : साडेबारा. वृंदावनाची आखूड सावली.]

गोव्यात मध्यान्ह घड्याळी बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, गोवा ७४ अंशांजवळ. म्हणून सूर्य डोक्यावर यायला साधारण साडेबारा होतात. डिसेंबरात एक मीटर उंच वृंदावनाची त्या वेळची सावली सुमारे ८० सेंटिमीटर पडते, उत्तरेकडे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात मात्र सूर्य थेट माथ्यावर येतो आणि सावली पायाशी गोळा होते. वृंदावनाच्या कोनाड्यांत तेव्हा खोलीच दिसत नाही. मुलं हा फोटो बिघडला म्हणून काढून टाकतात. तो ठेवायला लावावा. सकाळच्या तिरप्या उन्हानं काय केलं, हे तो शेजारी असल्याशिवाय कळत नाही.

प्रत्येक फोटोबरोबर वहीत एक ओळ : वेळ, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला), शटर (ते किती वेळ उघडं राहिलं), आभाळ कसं होतं. आमच्या मते अर्धे गुण या वहीला द्यावेत.

[दृश्य : पहाट. दुरून भोंपू ऐकू येतो. सायकलवर मागे पावांची टोपली.]

पुढची असाइनमेंट चालत्या वस्तूची. पोदेर, म्हणजे घरोघरी पाव विकणारा, सायकलवरून जातो आहे. तो स्पष्ट दिसायला हवा, मागची भिंत वाहून गेल्यासारखी. याला पॅनिंग म्हणतात. शटर एक तीसांश सेकंद. पण हे भर उन्हात मोबाइलवर करून पाहिलं तर फोटो पांढराफटक येतो. बहुतेक मोबाइलचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, बदलत नाही. ते एफ १.८ च्या आसपास कायम उघडं असतं. आयएसओ ५० पर्यंत उतरवला, तरी दुपारच्या उन्हात एक तीसांश सेकंदात हवा त्याच्या शंभरपटीहून जास्त उजेड आत येतो. म्हणून वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं. आणि पोदेरही तेव्हाच येतो.

रस्त्यापासून चार-पाच मीटर लांब उभं राहायचं. पाय रोवलेले, कोपरं अंगाला टेकलेली, वळायचं ते कमरेतून. सायकल समोर येण्याच्या बऱ्याच आधीपासून तिच्याबरोबर वळू लागायचं आणि शटर दाबल्यावरही वळत राहायचं. नेमकं दाबताना हात थांबतो, ही सगळ्यांत मोठी चूक, आणि फोटोच ती सांगतो. भिंत स्पष्ट आणि सायकल पुसट असेल, तर हात थांबला. दोन्हींवर उभे ओरखडे असतील, तर हात वरखाली झाला. पोदेराची चाकं आणि पाय पुसट येणारच, चेहरा आणि टोपली ओळखू आली की जमलं. वीसात दोन-तीन जमले तरी खूप. नाइट मोड आधी बंद करावा. तो अनेक फोटो एकावर एक रचतो आणि चालत्या माणसाचं भूत करतो. आणि पोदेराला आदल्या दिवशी विचारून ठेवावं. चौघांनी अचानक मोबाइल रोखले, तर कुणालाही अवघडल्यासारखं होतं.

फेरीबोटीवर हाच प्रयोग करताना वेगळी फसगत होते. बेतीच्या बोटीतून समोरची पणजी कितीही हळू शटरने टिपली, तरी पुसट होत नाही, कारण ती लांब आहे. वाहताना दिसतो तो हाताच्या अंतरावरून सरकणारा धक्क्याचा खांब. आणि कठड्याला कोपर टेकवलं, तर इंजिनाची थरथर सरळ फोटोत उतरते.

[दृश्य : जुन्या घरातली शिंपल्यांची खिडकी, आतून.]

लोटली, चांदोर, मडगाव इथल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या आहेत. त्यांतून ऊन गाळून येतं आणि कडा नसलेली मऊ सावली पडते. व्यक्तिचित्रासाठी इतका चांगला उजेड विकत मिळत नाही. माणूस खिडकीपासून एक मीटरवर बसवावा, चेहरा किंचित खिडकीकडे. दुसऱ्या बाजूला दोन फुटांवर पांढरी कार्डशीट धरली, की काळवंडलेला गाल उजळतो. खिडकी चौकटीच्या बाहेरच ठेवावी. ती आत आली, तर कॅमेरा तिच्यासाठी उजेड ठरवतो आणि माणूस काळा पडतो.

[दृश्य : भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे.]

ही बुरशी. शाळेचा कॅमेरा पावसाळाभर स्टीलच्या कपाटात, चामड्याच्या पिशवीत राहिला की हे होतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं पाव किलो सिलिका जेल, एवढ्यानं ते टळतं. केशरी दाणे हिरवे पडले, की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवून परत वापरायचे. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर नेताना पिशवी लगेच उघडू नये. वीस मिनिटं थांबावं, नाहीतर भिंगावर दव धरतं.

[दृश्य : पुन्हा तेच अंगण. सूर्य नुकताच मावळला आहे.]

आठवा फोटो सगळ्यांत अवघड. आपल्याकडे तिन्हीसांज लवकर सरते. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा मिनिटांनी एक वेळ अशी येते, की आभाळाचा निळा उजेड आणि पणतीचा पिवळा उजेड जवळजवळ सारखे होतात. त्याआधी पणती दिसत नाही, नंतर वृंदावन दिसत नाही. आयएसओ ४००, शटर एक अष्टमांश सेकंद. व्हाइट बॅलन्स सकाळी ठेवला तोच, म्हणून ज्योत नारिंगी येते आणि चुना निळसर. वाऱ्यानं ज्योत हलली, तर या शटरला ती नुसता गोळा होते. तेव्हा एकापाठोपाठ दहा फोटो घ्यावेत. दिवा लावणाऱ्या आजीला घाई करू नये. हात आडोशाला धरून ती वात सारखी करते, तेवढा वेळ ज्योत स्थिर असते, आणि तिच्या बोटांच्या कडा आतून लालसर दिसतात.