आईला वाचून दाखवलेली तीन पुस्तकं

नमस्कार. (रोवळी कॅमेऱ्याजवळ धरून) आधी ही बघा. ही रोवळी, तांदूळ धुवायची. बांबूच्या विणीतून पाणी निथळून जातं, तांदूळ वर राहतात. आमच्या रत्नागिरीकडे अजून बऱ्याच घरांत चुलीपाशी टांगलेली दिसेल. आजच्या पहिल्या पुस्तकाचा आणि हिचा फार जवळचा संबंध आहे.

होळीनंतर आई अंगणात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून तिचं उठणं, बसणं, आंघोळ सगळं माझ्याकडे. अशा वेळी भेटायला येणारे मन खंबीर ठेवायची पुस्तकं आणून देतात. मी वाचली, पण मला त्यांचा आधार वाटला नाही. मला हवं होतं असं कुणीतरी, जे रोजचा दिवस कसा निभावला ते खरं खरं सांगेल. आपल्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. तिथून तीन आत्मचरित्रं आणली आणि पावसाच्या दुपारी, आईच्या खाटेशेजारी बसून, मोठ्याने वाचायला लागले.

पहिलं, ऊर्मिला पवार यांचं 'आयदान'. २००३ साली आलं. लेखिका रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू: सुपं, टोपल्या, रोवळ्या. वडील गेल्यावर त्यांच्या आईने हेच विणून घर चालवलं. लाकडाचे भारे डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजाराची वाट चालणाऱ्या बायका पुस्तकात अगदी सुरुवातीलाच भेटतात. ती वाट माझ्या आईच्या पायाखालची, त्यामुळे ती मध्येच एकेक चढ सांगायची.

मग तो भाग आला. विणलेली टोपली पोचवायला ही लहान मुलगी जाते. वरच्या जातीची गिऱ्हाइकं टोपलीवर पाणी शिंपडतात आणि मगच ती उचलतात.

आई म्हणाली, "थांब गो जरा."

माझी आजी नवी रोवळी आली की अंगणातच ठेवायला लावायची, तांब्यातलं पाणी शिंपडायची आणि मग आत घ्यायची. मी डोळ्यांनी बघितलंय. नवी वस्तू, धूळ असेल, असं समजून मी मोठी झाले. आई म्हणाली, "धूळ नव्हती ती. मीपण शिंपडलंय. ती बाई कुंपणाच्या गडग्यापाशी उभी असायची, बघत." आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. हे तुम्हाला सांगू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, सांग.

पुढे लग्न, मुंबई, घर सांभाळून केलेलं एम.ए., तरुण मुलाचा मृत्यू, सगळं त्या पुस्तकात आहे. मुलाचा भाग मी आईला वाचून दाखवू शकले नाही. तो एकटीने वाचला.

दुसरं, सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी', १९९०चं. सुनीताबाईही रत्नागिरीच्याच. पु. लं.शी त्यांचं लग्न इथेच झालं, १२ जून १९४६ला, नोंदणी पद्धतीने. मोठ्या माणसाचं घर चालवताना आपलं काय काय बाजूला पडलं, हे त्या नाव घेऊन लिहितात आणि स्वतःलाही सूट देत नाहीत. काही ठिकाणी मला त्या फार कठोर वाटल्या. पण कुणाची सेवा करताना मनात जो राग साचतो ना, जो आपण बोलून दाखवत नाही, त्याला मला या पुस्तकात शब्द सापडले. एका बैठकीत वाचू नका. दहा पानं वाचा आणि कामाला लागा.

तिसरं सध्या चालू आहे: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', १९३४ ते ३६ मधलं. नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ही बाई एकटी पडली. एवढं सोसूनही भाषा इतकी हसरी, की आई पोट धरून हसते आणि मग खुबा दुखतो म्हणून मलाच ओरडते.

सुरुवात 'आयदान'पासून करा. घरात वयस्कर माणूस असेल तर मोठ्याने वाचा, आणि ते मध्ये बोलायला लागलं की पुस्तक मिटून ऐका. आणि मला कळवा, तुमच्या घरी रोवळी कोण आणून द्यायचं? त्यांचं नाव घरात कुणाला आठवतंय का?